मेगावॅट कळले, तास किती?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या वीस मजली टॉवरच्या गच्चीवर १ लाख लिटरची टाकी आहे असं धरू. उंची साधारण ६० मीटर. हे सगळं पाणी खाली सोडून त्यावर वीज करायची ठरवली तर किती होईल? हिशेब सोपा आहे. १ लाख किलो वजन, गुरुत्वाचे ९.८१ आणि ६० मीटर यांचा गुणाकार केला की सुमारे ५.९ कोटी ज्यूल होतात. ३६ लाख ज्यूलचं एक युनिट, म्हणजे टाकीत जेमतेम १६ युनिट. तेही कागदावर. छोटं टर्बाइन नि छोटं जनित्र आपला वाटा खाऊन १० युनिट हातावर ठेवतील. दीड टनाचा एक एसी रात्रभर चालेल, बस. आणि तेच पाणी वर चढवताना सोसायटीच्या पंपाने ३० युनिट तरी घेतलेले असतात.

पाण्यात वीज साठवायची म्हणजे काय, याची सगळी गंमत आणि सगळी अडचण या आकडेमोडीत आहे. पाणी जड असतं, पण उंचीवर ठेवलेल्या पाण्यात ऊर्जा फार विरळ असते. तिचं काही मोल व्हायचं तर दोन गोष्टी प्रचंड लागतात: पाणी आणि उंची. उंचीच्या बाबतीत ठाणे-रायगडकरांचं नशीब थोर. घाटमाथा आणि तळकोकण यांच्यामध्ये सह्याद्रीने चारशे-पाचशे मीटरची भिंत सरळ उभी करून ठेवलेली आहे. चारशे मीटरवरून १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी उतरलं की सगळी घट धरून सुमारे १ युनिट मिळतं. पाठ करून ठेवावा असा हा आकडा आहे, कारण पुढचे सगळे हिशेब तोंडी होतात.

उदाहरणार्थ घाटघर. रतनगड, अलंग-मदन-कुलंगच्या वाटेवर जाणाऱ्यांना ते गाव कोकणकड्यासाठी ठाऊक असतं. वरचा जलाशय अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावर. खालचा चोंढ्याला, डोळखांबच्या पुढे, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात. दोन्ही धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतात त्या पद्धतीने बांधलेली ही पहिलीच. मधल्या डोंगराच्या पोटात वीजघर, त्यात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. २००८ पासून चालू असलेल्या या केंद्राचं सरकारी नाव ‘घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प’. उदंचन म्हणजे पाणी वर उपसणं. गरज असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि वीज स्वस्त असेल तेव्हा तेच पाणी तीच यंत्रं उलटी फिरवून पुन्हा वर चढवायचं.

आता तोंडी हिशेब. एक यंत्र पूर्ण भाराने चालताना सेकंदाला साधारण ३५ घनमीटर पाणी पितं. दोन्ही मिळून ७०. सहा तास चालवायची तर १५ लाख घनमीटर लागतं, आणि त्यातून १५ लाख युनिट निघतात. विजेच्या मापाने, टाकीमागे १० युनिट धरून, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारख्या दीड लाख टाक्या झाल्या. पण मुद्दा वेगळाच आहे. सहा तासांनंतर काय? वरचा जलाशय उतरला की २५० मेगावॅटचं केंद्र शून्य मेगावॅटचं होतं. पुन्हा भरायला साडेसात-आठ तास, कारण तेवढ्याच विजेवर एक यंत्र पंप म्हणून सेकंदाला २८च्या आसपास घनमीटरच चढवू शकतं. उतरताना घर्षणाने खाल्लेलं, चढवताना घर्षणाने खाल्लेलं, सगळं त्या फरकात येतं. १०० युनिट घातले की ७५ ते ८० परत. चौथा हिस्सा देऊन वेळ विकत घ्यायचा हा व्यवहार आहे. दुपारी सौर वीज मुबलक असताना ३ रुपयांनी युनिट घेतलं तर संध्याकाळी ते ४ रुपयांच्या आसपास पडतं, यंत्राचा आणि कर्जाचा खर्च वेगळा. संध्याकाळचं युनिट त्याहून पुरेसं महाग असेल तरच हे परवडतं.

म्हणूनच नव्या प्रकल्पाच्या बातमीत नुसते मेगावॅट छापलेले पाहिले की चिडचिड होते. मेगावॅट म्हणजे नळाची जाडी. टाकी केवढी हे सांगायला तास लागतात. १००० मेगावॅटचं केंद्र तीन तासांचं आहे की आठ तासांचं, यावर ते कशासाठी बांधलंय तेच बदलतं. तीन तासांचं असेल तर दिवेलागणीची चढण कशीबशी ओलांडेल. आठ तासांचं असेल तर दुपारचा सूर्य मध्यरात्रीपर्यंत पुरवेल.

यंत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘उलटं फिरवायचं’ हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. जनित्र म्हणून सुरू करणं खरंच सोपं. मुख्य झडप उघडायची, गाइड व्हेन, म्हणजे चाकाभोवतीची पाणी कमीजास्त करणारी हलती पाती, हळूहळू उघडायच्या, रनर म्हणजे टर्बाइनचं चाक वेग घेतं, वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी जुळवून ब्रेकर, म्हणजे जोडणारा मोठा स्विच, लावायचा. दोन-तीन मिनिटांत वीज. पंप म्हणून सुरू करताना मात्र पाण्यात बुडालेला रनर एकदम मोटरने फिरवायला गेलात तर एवढा विद्युतप्रवाह खेचला जाईल की जाळ्याला हिसका बसेल. मग आधी त्याला कोरडा करावा लागतो. मुख्य गोल झडप आणि गाइड व्हेन बंद ठेवून खालून ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे रनरखालच्या पाण्याच्या वाटेत, दाबाची हवा सोडतात. हवा पाण्याला रनरच्या खाली ढकलते. वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये आधीच उच्च दाबाचं तेल घालून शेकडो टनांचं फिरतं वजन तेलाच्या पातळ थरावर उचललेलं असतं. मग फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर शून्यापासून वाढत्या वारंवारतेची वीज देत रनरला हवेतच गरगर फिरवतो. दोन फेजची अदलाबदल केलेली असते, म्हणून दिशा उलटी. पूर्ण वेग आला, ५० हर्ट्झशी जुळलं, की ब्रेकर लागतो आणि कन्व्हर्टर बाजूला होतो. आता हवा सोडून द्यायची. पाणी चढत रनरला भिडतं, बंद गाइड व्हेनवर दाब साचायला लागतो, मोटर जास्त वीज ओढू लागते. दाब वरच्या पाण्याच्या बरोबरीला आला की झडप आणि गाइड व्हेन उघडायच्या.

हे शेवटचं पाऊल नाजूक. लवकर उघडलं तर वरचं पाणी खाली धावत येतं. उशीर झाला तर रनरमध्ये घुसळलेलं पाणी तापतं आणि यंत्र थरथरतं. कन्व्हर्टर बंद पडला तर दुसरा एक रस्ता असतो: शेजारचं यंत्र जनित्र म्हणून चालवून त्याच्या विजेवर याला ओढत वेगात आणायचं. दोन्ही यंत्रं शून्यापासून जोडीने वाढतात. अर्थात शेवटच्या यंत्राला ओढायला कोणी उरत नाही, म्हणून कन्व्हर्टर सांभाळावाच लागतो.

जुन्या वीजघरालाच पंप का जोडत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. खोपोली १९१५ची, भिवपुरी १९२२ची, भिरा १९२७चं. लोणावळा-मावळ-मुळशीची तळी वर तयार आहेत, उंची पाचशे मीटरच्या घरात, पाइप घातलेले. अडचण चाकाची आहे. एवढ्या उंचीला जुन्या काळी पेल्टन चाक लावलं जाई. पाचशे मीटर उतरलेलं पाणी नोझलमधून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने सुटतं आणि वाट्यांवर आदळतं. चाक हवेत फिरायला हवं, म्हणून ते खालच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेलं असतं. ते उलटं फिरवलं तर वारा घालेल, पाणी चढवणार नाही. उलटसुलट चालणारं, पाण्यात बुडून फिरणारं फ्रान्सिस जातीचं यंत्र मात्र खालच्या जलाशयाच्या पातळीपेक्षा कितीतरी खोल, पन्नास मीटर किंवा त्याहूनही खाली बसवावं लागतं. कारण पंप खालून पाणी ओढताना दाब फार उतरला की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याने रनरच्या पोलादाचा कण उडतो. वर्षभरात पात्यांवर चाळणीसारखे खड्डे पडतात. ते घासून, स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग भरून, पुन्हा आकारात आणावे लागतात. म्हणून वरची तळी तयार असली तरी उदंचनासाठी डोंगरात नवी खोल गुहा खणावीच लागते. भिऱ्याला १९९०च्या दशकात जुन्या १५० मेगावॅटच्या शेजारी १५० मेगावॅटचं उलटसुलट चालणारं स्वतंत्र यंत्र बसवलं ते याचसाठी.

मुळशीची गोष्ट काढल्यावर एक नोंद केलीच पाहिजे. त्या तळ्यासाठी जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. धरणाविरुद्धच्या जगातल्या आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल ज्या विजेवर चालल्या तिची किंमत कोणी दिली, हे मेगावॅटमध्ये दिसत नाही आणि तासांतही नाही.

या सगळ्या केंद्रांनी कधी चालायचं ते ठरतं ऐरोलीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर राज्य भार प्रेषण केंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात राज्याला किती वीज लागेल आणि ती कुठून येईल याचा तिथे हिशेब चालतो. समोर आकडा वारंवारतेचा: ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात तो राहायला हवा. कोळशाच्या संचाला भार वाढवायला वेळ लागतो, थंड बॉयलर पेटवायला तर कित्येक तास. पाणी काही मिनिटांत हजर होतं. म्हणून संध्याकाळी सौर वीज उतरत असताना आणि घरोघरी दिवे, एसी, गिझर लागत असताना फोन जातो कोयनेला. १९६० मेगावॅटचं कोयना इथे खऱ्या अर्थाने राज्याची टाकी आहे, पण तिलाही मोजमाप आहे: कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. जून ते मे असं तिचं वर्ष. नोव्हेंबरात उधळपट्टी केली तर एप्रिलच्या उकाड्यात हात आखडावा लागतो.

पश्चिमेकडे का वळवायचं, याचं उत्तरही तोंडी हिशेबातच आहे. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. कोकणात पाचशे मीटर उतरवलं तर त्यातून सुमारे ३.४ कोटी युनिट निघतात. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी साठ मीटरवरून पूर्वेला सोडलं तर त्याच्या आठव्या हिश्श्याएवढे. आणि तेच एक टीएमसी रोज ५० कोटी लिटर लागणाऱ्या शहराला ५६ दिवस पुरतं. तीन दावेदार, पाणी एकच. विजेचं कौतुक करताना पूर्वेकडच्या शेताचा हा दावा आपण कोकणातले लोक सोयीने विसरतो.

ऐरोलीच्या दृष्टीने घाटघरसारख्या यंत्रात एक खोट आहे. जनित्र म्हणून भार कमीजास्त करता येतो. पंप म्हणून नाही. ठरलेल्या वेगाने फिरणारा पंप लागला की पूर्ण लागतो, नाहीतर बंद. १२५ मेगावॅटची पायरी एका झटक्यात जाळ्यावर चढते आणि तेवढ्या वेळापुरतं कोणीतरी दुसऱ्याने तिला खांदा द्यावा लागतो. ढगांमुळे सौर वीज वरखाली होत असताना हवा असतो तो लवचीक पंप, वेग बदलता येणारा. टिहरीच्या १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात तशी यंत्रं बसवली आहेत. महाग पडतात, पण नव्या प्रकल्पांत निदान एखादं तरी तसं असावं असं आमचं मत आहे.

पाण्याच्या केंद्राचा आणखी एक गुण एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद झाली. लोकल उभ्या राहिल्या. सगळं जाळं मेलेलं असताना पहिलं यंत्र कुठलं सुरू होऊ शकतं? कोळशाच्या केंद्राला स्वतः सुरू व्हायलाच काही मेगावॅट वीज लागते: पंखे, फीड पंप, कोळसा दळणारी यंत्रं. पाण्याच्या केंद्राला बॅटऱ्यांचा संच, एखादा डिझेल जनरेटर आणि वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरसाठी दाबाचं तेल पुरतं. झडप उघडा, पाणी वर तयारच आहे. अंधारातून उठताना आधी असं एक केंद्र जागं करून त्याच्या विजेवर पुढचं, मग त्यापुढचं, अशी साखळी लावतात. या तयारीचे पैसे बिलात वेगळे दिसत नाहीत.

बिघाडांबद्दल. पावसाळ्यात पहिला शत्रू म्हणजे पाला. वरच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यावर पानं, फांद्या, प्लास्टिक साचलं की जाळीच्या अलीकडच्या नि पलीकडच्या पातळीत फरक पडतो. पाला वेळीच साफ केला नाही तर तेवढी उंची फुकट जाते, आणि फार साचलं तर जाळीच वाकते. जाळीतून निसटलेला लाकडाचा तुकडा गाइड व्हेनमध्ये अडकतो. प्रत्येक व्हेनच्या जोडणीत एक कमकुवत पिन मुद्दाम ठेवलेली असते, शिअर पिन. व्हेन अडकली की पिन तुटते, एकच व्हेन सुटी होते आणि बाकीची यंत्रणा वाचते. काही शे रुपयांच्या पिनने कोट्यवधींचं यंत्र वाचवायचं. म्हणून तुटली म्हणून तिच्या जागी जास्त मजबूत पिन बसवणाऱ्याला वीजघरात उभं करू नये. थंडाव्याच्या पाण्याचे गाळणे गढूळ पाण्याने तुंबतात, बेअरिंग तापतं, यंत्र स्वतःहून थांबतं. ऐन पावसात, पाणी फुकट सांडत असताना. हिमालयातल्या केंद्रांना याशिवाय गारगोटीच्या वाळूने पाती झिजण्याचा रोग आहे. आपल्याकडे बेसाल्ट असल्यामुळे तो त्रास बराच कमी.

दुसरा शत्रू वेग. चालू यंत्राचा भार अचानक गेला तर रनर सैराट सुटतो. पाणी तडक बंद करावं तर शेकडो मीटरच्या पाण्याच्या खांबाला ब्रेक लागून दाबाची लाट उठते. ती पाइपमधून सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावते, वर जाऊन परतते. लाट परतायच्या आत दार बंद केलं तर पाइप फुटू शकतो. पेल्टनमध्ये यावर सुरेख तोड आहे: झोताच्या आड एक पत्रा येऊन पाणी चाकावरून बाजूला उडवतो, आणि नोझल मागाहून सावकाश बंद होतं. फ्रान्सिसमध्ये ती सोय नाही. वेग किती वाढू द्यायचा आणि दाब किती, यांच्या ओढाताणीतून बंद होण्याचे सेकंद ठरवतात आणि बोगद्यावर उभी सर्ज विहीर ठेवतात, लाटेने तिथे उसळी घ्यावी म्हणून.

तिसरा शत्रू खुद्द पाणी. वीजघर खालच्या पातळीच्या खोल खाली असतं, तेव्हा ते बुडायला एक गळकं झाकण पुरतं. रशियाच्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ ला थरथरीने थकलेले बोल्ट तुटून एका टर्बाइनचं झाकण उडालं, वीजघर बुडालं आणि ७५ माणसं गेली. ते यंत्र आधीपासून थरथरत होतं. उपसा पंप, त्यांची वेगळी वीज, बोल्टांची अल्ट्रासॉनिक तपासणी ही कामं देखभालीच्या तक्त्यात कंटाळवाणी वाटतात. तीच आधी करायची असतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरशी करार केला: शिरवता १८०० मेगावॅट, भिवपुरी १००० मेगावॅट. यातलं भिवपुरी कर्जत तालुक्यातलं, आपल्या लोकलच्या रस्त्यावरचं. तिथे ठाणेकरांनी नीट पाहण्याजोगं काही आहे. आज भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी उल्हास नदीत येतं. उन्हाळ्यात उल्हासला जी धार असते ती मुख्यतः या पाण्याची. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण याच नदीतून पाणी उचलतात, आणि शहाडहून स्टेमचं, म्हणजे शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेचं, पाणी ठाण्यापर्यंत येतं. म्हणजे भिवपुरीचं वेळापत्रक काही प्रमाणात नळाचंही वेळापत्रक आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणाऱ्यांना हे चांगलं समजतं. भिऱ्याचं पाणी सुटलं तर बोटी, नाहीतर दगड. उदंचनात तेच पाणी खालीवर फिरतं, संपत नाही, हे खरं. पण किती पाणी फेऱ्यात अडकलेलं राहील, किती नदीत सुटेल आणि कोणत्या तासाला, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. मोघम आश्वासनावर पाणी उचलणारा पंप चालत नाही.

मेगावॅट नि तास यांच्यानंतर विचारायचा तिसरा आकडा हा: पहिली भरणी कुठून आणि दरवर्षीची तूट कुठून? खालच्या जलाशयाचं पृष्ठ एक चौरस किलोमीटर असेल आणि वर्षाला दीड मीटर पाणी वाफ होऊन उडत असेल तर १५ लाख घनमीटर गेलं, घाटघरच्या सहा तासांच्या एका फेरीएवढं. पावसाळ्यात ते आपोआप भरतं. पण पाऊस उशिरा आला त्या वर्षी जूनमध्ये तूट कोणाच्या वाट्यातून भरायची, हे प्रकल्प मंजूर होतानाच ठरलेलं बरं. भावलीचा १५०० मेगावॅटचा प्रकल्प नाशिक आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पाय ठेवून उभा राहणार आहे, त्यातला खालचा पाय शहापूरच्या बाजूला. मुंबईला भातसा आणि तानसाचं पाणी देणाऱ्या याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव टँकर फिरतात. जनसुनावणीची नोटीस येईल तेव्हा अहवालातलं पाण्याच्या ताळेबंदाचं पान आधी उघडावं, आणि त्यात जून महिन्याची ओळ आहे का ते पाहावं.